मॅडमनी न केलेली सही

देगलूरजवळ एका शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपराखाली, म्हशीच्या पोटात मेलेलं रेडकू ओढून काढलं होतं आणि हात धूत होतो, तेव्हा खिशातला फोन लागोपाठ थरथरला. आम्हा पशुवैद्यकांच्या ग्रुपवर बातमी होती. लातूरच्या डॉ. शैलजा बिरादार गेल्या. हृदयविकाराचा झटका. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेच्या मधोमध कुणीतरी कॅल्शियमच्या बाटल्यांची जाहिरात टाकलेली... दहावर दोन मोफत. तिच्याखाली पुन्हा जोडलेले हात. माझ्या अंगाला खांद्यापर्यंत सडक्या वारेचा वास येत होता, त्याचं काही वाटलं नाही. या धंद्यात ते वाटेनासं होतं. ती जाहिरात बघून मात्र तोंडात कडू पाणी आलं.

मॅडमची ओळख झाली तेव्हा मला प्रॅक्टिस करून बारा वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. दुधाळ कळपाच्या आरोग्यावर वर्षभराचं पदव्युत्तर प्रशिक्षण निघालं होतं, शनिवार-रविवारचं, माझ्यासारख्या कामात असलेल्या डॉक्टरांसाठी. नावापुढे चार अक्षरं जास्तीची लागतील म्हणून मी गेलो. खोटं कशाला सांगू? आम्ही एकोणीस जण होतो. पहिल्याच दिवशी मॅडमनी आम्हाला वर्गाऐवजी उमरीकडच्या एका मोठ्या गोठ्यात नेलं. पन्नाशीच्या, बुटक्या, सुती साडी घोट्याच्या वर खोचून खाली रबरी बूट घातलेल्या. म्हणाल्या, "तासभर कुणी गायीला हात लावायचा नाही. नुसतं बघा." दहा मिनिटांत आमचे फोन बाहेर आले. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, बसलेल्या गायींपैकी रवंथ किती करत होत्या? कुणालाच सांगता येईना. मग आम्हाला गायी बसतात तिथल्या फरशीवर गुडघे टेकायला लावले. गुडघे ठेचले आणि ओले झाले. "हितं ती दिवसातले बारा तास बसते," त्या म्हणाल्या, "आन् तुम्ही कासेला सूज आली की इंजेक्शन टोचून निघून जाता. आजारी गाय कुणालाबी दिसते रे. बरी दिसणारी बघायला शिका."

आमच्यातल्या काहींनी त्या दिवशी त्यांची नक्कल करून दाखवली. मीही हसलो. पण पुढच्या काही महिन्यांत मला जे आलं, ते बारा वर्षांत आलं नव्हतं. आधी गव्हाण, पाणी, फरशी, मग गाय, आणि औषधाची पेटी सगळ्यांत शेवटी.

त्याच उमरीच्या गोठ्यात गायी गाभडायला लागल्या. सातव्या-आठव्या महिन्यातच गर्भ टाकायच्या, एकापाठोपाठ एक. मॅडमना ब्रुसेल्लाचा संशय आला. हा रोग गायीकडून माणसात येतो, आणि महिनोन् महिने चढउताराचा ताप काढायला लावतो. सगळ्या कळपाचं रक्त तपासायचं, तोवर एकही गाय विकायची नाही, दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, असं त्यांनी मालकाला बजावलं. नेमका तोच गोठा प्रशिक्षणाच्या संयोजकांनी 'आदर्श गोठा' म्हणून पाहुण्यांना दाखवायचा ठरवला होता. मंडप ठरला होता, फेटे ठरले होते. संयोजकांनी आम्हाला विष्णुपुरीच्या एका हॉलमध्ये बोलावलं आणि अहवाल पुढे ठेवला. प्रशिक्षणार्थींनी तपासणी केली असून कळप निरोगी आहे. खाली एकोणीस जागा आणि शेवटी मॅडमची. "हे झालं की सर्टिफिकेटं छपाईला जातील," ते हसून म्हणाले. टेबलावर गरम भजी होती. तेलकट बोटं पुसून आम्ही ओळीने सह्या केल्या. मीसुद्धा. रक्ताचा एक थेंब कुणी काढला नव्हता.

मॅडमनी कागद वाचला, घडी घातली आणि संयोजकांच्या पुढ्यात ठेवला. "मी न्हाई करणार." एवढंच. पुढच्या शनिवारी त्यांच्या जागी एका औषध कंपनीचा माणूस आला आणि पडद्यावर चित्रं दाखवून गेला. आम्ही विचारलंसुद्धा नाही, मॅडम कुठे आहेत म्हणून.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्या गोठ्यात धारा काढणाऱ्या पारूबाईला ताप उतरेना झाला होता, सांधे धरले होते. मॅडमनी तिला स्वतः नांदेडला नेऊन रक्त तपासून घेतलं होतं. ब्रुसेल्लाच. मग म्हणाल्या, "अहवाल पुन्हा बघितला, गंगाधर. तुझं अक्षर छान आहे."

मी दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो. दारातच माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "ते राहू दे. रक्ताच्या नळ्या आणल्यास का?" माझ्याच गाडीने आम्ही उमरीला गेलो. मालक दारात आडवा उभा राहिला. "कळप निरोगी हाय म्हणून तुमच्याच लोकांनी लिहून दिलंय की!" माझ्याकडे बोट होतं. तेवढ्यात आतून त्याची बायको आली. तिने नवऱ्याकडे बघितलंच नाही. "बाई, माझी सून पोटुशी हाय. खरं काय ते सांगा." मॅडमनी तिला उंबऱ्यावर बसवून सगळं सांगितलं, काही न लपवता. ती उठली आणि गोठ्याचं फाटक स्वतः उघडलं. दिवसभर आम्ही रक्त काढलं. अकरा गायी बाधित निघाल्या, वेगळ्या बांधल्या. सुनेला तपासलं, ती वाचली होती. पुढे तिला मुलगी झाली. पारूबाईला मात्र अजून पायरी चढताना भिंत धरावी लागते.

मॅडमना त्या प्रशिक्षणात परत कुणी घेतलं नाही. आता ते तीन दिवसांचं झालंय, वातानुकूलित हॉलमध्ये. गाय फक्त फलकावर असते.

गेल्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. फलकावर मॅडमचं आडनाव चुकलं होतं, खाली खनिज मिश्रणाच्या कंपनीचं चिन्ह बरोबर होतं. संयोजकांनी डोळे पुसत सांगितलं, की गोठा हाच मॅडमचा वर्ग होता आणि त्यांच्या नावाने उत्कृष्ट प्रशिक्षणार्थीला पुरस्कार देणार. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग 'लाडका विद्यार्थी' म्हणून मला उभं केलं. मी म्हणालो, "उमरीच्या खोट्या अहवालावर माझी सही आहे. मॅडमची नाही. म्हणून त्यांना काढलं." पुढचं बोलायच्या आत संयोजकांनी माइक घेतला. "डॉक्टर भावनावश झालेत... चहाची व्यवस्था बाहेर आहे." खुर्च्या सरकल्या. त्या अहवालावर सही केलेला एक जण समोशाची बशी धरून जवळ आला, मागे वळून बघितलं आणि कुजबुजला, "बरं बोललास हां." मला त्याची किळस आली. मग वाटलं, हा चार वर्षांपूर्वीचा मीच आहे.

तिथून थेट लातूरला मॅडमच्या घरी गेलो. त्यांचे यजमान, बिरादार सर, निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं. तिथे एक छोटा, गंजलेला फ्रिज घुरघुरत होता. दारावर मॅडमच्या अक्षरात चिकटपट्टी होती. 'खायचं काही नाही.' सर म्हणाले, "ती गेल्यापासून उघडला न्हाई. बंदबी करवत न्हाई. तूच बघ." आत नळ्यांचा एक रॅक होता. प्रत्येक नळीवर गायीचं नाव आणि गाव. चंद्री. कपिला. मोरी, शिंग तुटलेली. एकीवर नाव-गावाखाली 'पुन्हा बघणे'.

नळ्या मी प्रयोगशाळेत दिल्या, आणि त्या गायीला जाऊन पुन्हा बघितलं. फ्रिज रिकामा झाला, आता बंद करा, असं सरांना सांगितलं. "हाव," मान डोलावत ते म्हणाले. पण परवा नमुने घेऊन लातूरला गेलो तेव्हा पडवीत घुरघुर चालूच होती. सरांनी फ्रिजचं दार उघडून धरलं. मी माझ्या नळ्या त्या रॅकमध्ये लावल्या.