बाबांनी स्पेशल रूम मागितली

दवाखान्यात कुणाला भेटायला गेलात की तुम्ही पेशंटला बोलू देता का? खरं सांगा. आमच्याकडे नाही देत. माणसं खाटेभोवती उभी राहतात, शहाळं ठेवतात, "टेन्शन घेऊ नका" म्हणतात आणि मग कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं यावर आपापसांत बोलून निघून जातात.

कल्याणच्या एका दवाखान्यात बाबांच्या पायाची बोटं काढली, तेव्हा मी हे रोज बघत होते. शुगरमुळे जखम चिघळली होती. आई नाही, घरात आम्ही दोघंच. बाबा डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत कामगार, युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. पुढे कंपनी बंद पडली, माणसं पांगली. ज्यांच्यासाठी बाबा गेटवर घसा फोडून बोलले, त्यातलं कुणी वॉर्डात फिरकलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी पेपर वाचून दाखवायचे, ते नुसतं "हं" म्हणायचे. मी त्यांच्या शेजारी बसलेली असायचे आणि तरी तिथे माझ्याशिवाय कुणी नाही असं वाटायचं.

मग एका संध्याकाळी ते एकदम बरे दिसले. दाढी केलेली. आत्याला म्हणाले, "ताई, मला स्पेशल रूम घ्या. इथं झोप लागत नाही."

विठ्ठलवाडीची आत्या खूश. "आत्ता कसं बोललास! एवढा पुढारी, पण जन्मभर सतरंजीवरच बसलास."

मी भडकले. "बाबा, तुम्ही? सगळ्यांना एकच वॉर्ड हवा, हे पत्रक कुणी लिहिलं होतं?"

"ए बाई, भाषण नको ठोकूस," आत्या म्हणाली. "जरा आराम मिळू दे की बापाला."

ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर ऐकत होत्या. त्यांनी पट्टी संपवली, हातमोजे काढले, पडदा ओढला आणि चक्क खाटेवर टेकल्या. संध्याकाळी अख्ख्या वॉर्डाला त्या एकट्या. पलीकडून कुणीतरी "सिस्टर, सलाईन संपलं!" म्हणून ओरडत होतं.

"काका, जेवण परत पाठवताय, गोळ्या नको म्हणताय आणि आज वेगळी रूम मागताय. मरून जावं असं मनात येतं का?"

"अहो!" आत्या उसळली. "असलं काय विचारता? नसलेलं भराल त्याच्या डोक्यात!"

"विचारल्यानं भरत नाही, मावशी. बोलू द्या त्यांना."

बाबांनी पट्टीवर चादर ओढून घेतली. मग म्हणाले, "येतं. ही पोरगी तरी मोकळी होईल."

काही ठरवलंय का, हेही सिस्टरांनी विचारलं. ठरवलं होतं. काय ते मी लिहिणार नाही. त्यासाठीच त्यांना एकटं राहायचं होतं.

सिस्टर रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. "सांगितलंत ते बरं केलंत. मी डॉक्टरांना बोलावते. तोवर इथून हलत नाही." सलाईनवाल्याकडे त्यांनी आयाबाईंना पाठवलं. बाबांची खाट सिस्टरांच्या टेबलासमोर आली. मानसोपचाराचे डॉक्टर आले. ड्यूटी बदलताना सिस्टरांनी नव्या सिस्टरला बाबांच्या समोरच सांगितलं, "ह्या काकांजवळ सतत कुणीतरी पाहिजे. का, ते त्यांना माहितेय."

आत्या स्टुलावर बसून रडत होती. "मला वाटलं, ह्याला आता जगायची हौस आली."

आमच्या घरात मालकाला, मंत्र्याला प्रश्न विचारायची सवय होती. हा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी नव्हता. आणि ज्या बाईला तो विचारता येतो, तिच्या एकटीच्या अंगावर आपण अख्खा वॉर्ड टाकतो. त्या संध्याकाळी ती टेकली नसती तर? याचा मला अजून संताप येतो.

बाबा घरी आहेत, औषधं चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही फार वाईट. तेव्हा आम्ही दोघं एका खोलीत तासन्‌तास गप्प असतो. पण मी विचारते, "आज येतंय का मनात?" कधी "नाही" म्हणतात, कधी "थोडं". "थोडं" म्हणाले की मी कामावर जात नाही, आत्याला बोलावून घेते आणि डॉक्टरांना फोन करते.

तुमचं कुणी असं मिटून गेलं असेल, किंवा अचानक फारच शांत झालं असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि सरळ शब्दांत विचारा. "हो" म्हणालं तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला, डॉक्टरांना लगेच सांगा. सिस्टर कामात असतील. तरी सांगा.