ताटातली केबल

आधीच सांगून टाकतो — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातला नाही. आमच्या घरात भगत, नवस, अंगात येणं यांतलं काहीच चालत नाही. लहानपणी बुद्धवंदनेसोबत वडिलांनी हेच शिकवलं की, जे डोळ्यांना दिसत नाही आणि बुद्धीला पटत नाही, त्यापुढे मान झुकवायची नाही. वडील अमळनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मीही "काहीतरी कारण असेलच" म्हणून पान उलटतो. पण एक गोष्ट आहे, जिचं कारण मी इतकी वर्षं शोधतोय… म्हटलं, तुमच्यापैकी कुणाला सापडतंय का बघू.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बी.एस्सी. झाल्यावर मी धुळ्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागात तात्पुरत्या नोकरीवर लागलो, तो केवळ तिथे शिकवणाऱ्या बैसाणे सरांमुळे. माझी फी त्यांनी दोनदा भरली होती, आणि कॉम्प्युटरला हात लावायलाही त्यांनीच शिकवलं. विभागात एकच कॉम्प्युटर. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून सरांनी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. "फुकट आहे आणि उघडून बघता येतं, आपल्यासारख्यांसाठीच आहे हे," असं म्हणायचे.

सरांचं वय पन्नाशीपुढे आणि पीएच.डी. अजून बाकी. विषय पांझरा नदीच्या खोऱ्यातलं भूजल. गावोगावच्या विहिरींची पातळी त्यांनी स्वतः सायकलवर फिरून मोजलेली. त्या सगळ्या आकड्यांचं गणित तो कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे अहोरात्र करत बसायचा. दिवाळीनंतर सरांचं रजिस्ट्रेशन संपणार होतं, मुदत आधीच एकदा वाढवून झालेली. म्हातारी आई त्यांना अजून विचारायची, "तुझी परीक्षा संपली का रे?" सर हसायचे. पण ते हसणं काही खरं नसायचं.

उन्हाळ्यात एकदा लाईट गेली आणि सगळं गणित गेलं. नुसतं थांबलं नाही — कॉम्प्युटर अचानक बंद पडल्यामुळे डिस्कवरच्या फायलींची मोडतोड झाली. काही तुकडे नाव नसलेल्या फायली होऊन एका कोपऱ्यात पडले, बाकीचे सापडलेच नाहीत. दुसरी प्रत ठेवायची तर आमची साठवण फ्लॉपीत मावणारी नव्हती, आणि सीडी लिहिणारं यंत्र आम्ही तेव्हा बघितलंही नव्हतं. सर दोन दिवस उरलेले तुकडे जुळवत बसले. मग म्हणाले, "मिलिंद, यूपीएस आणू."

जळगावहून एसटीत मांडीवर घेऊन मी तो यूपीएस आणला. पण नुसत्या बॅटरीने भागणार नव्हतं. ती अर्धा-पाऊण तास टिकणार आणि आपल्याकडे लाईट जाते ती अर्ध्या दिवसासाठी. म्हणजे कॉम्प्युटरलाच कळायला हवं की लाईट गेली, आता आवरतं घे. यूपीएसच्या पाठीमागे त्यासाठी एक खाच होती. पुस्तिकेतला आराखडा बघून मी आग्रा रोडवरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून एक केबल जोडून घेतली. काम साधं होतं. लाईट असेपर्यंत केबलमधल्या दोन तारा एकमेकींपासून सुट्या. लाईट गेली की यूपीएस आतल्या आत त्या जोडणार. ते जोडणं कॉम्प्युटरवरचा माझा छोटा प्रोग्राम बघणार, सरांच्या गणिताला सगळं डिस्कवर उतरवून घ्यायला सांगणार, आणि मग मशीन व्यवस्थित बंद करणार. त्या वेळी नोंदीत एक ओळ पडायची. मी रोमन अक्षरांत मराठीच लिहिलं होतं — LIGHT GELI. एकदा ओळ पडली की लाईट परत येईपर्यंत दुसरी पडणार नाही, अशी तजवीज केली होती. एका वेळी एकच ओळ. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून सांगितली.

आम्ही मेन स्विच बंद करून करून चाचण्या घेतल्या. दर वेळी मशीन शहाण्या मुलासारखं स्वतःहून झोपी जायचं. सर खूश.

सरांची एक सवय होती. जुन्या काळच्या युनिक्सवाल्यांसारखं, उठण्याआधी ते sync ही आज्ञा तीनदा टाइप करायचे. म्हणजे जे काही हवेत आहे ते डिस्कवर उतरव. खरं तर एकदा पुरतं. पण सर पहिल्यांदा टाइप करून म्हणायचे, "दुतियम्पि…" आणि मग "ततियम्पि…" — बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणारं त्रिसरण आम्ही तीनदा म्हणतो ना, दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही, तसं. मी विचारलं होतं, "सर, हे चालतं का?" म्हणाले, "अरे, शरण जायचं ते तीनदा जावं. पहिल्यांदा तोंड म्हणतं, दुसऱ्यांदा डोकं, तिसऱ्यांदा माणूस म्हणतो."

दसरा जवळ आला. आमच्यासाठी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. सर तरुणपणापासून दरवर्षी नागपूरला जायचे, एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. पण शेवटचं गणित नेमकं तेव्हाच सुरू होतं. ते थांबवलं असतं तर दिवाळीच्या आत पूर्ण होणं कठीण. सर कॉम्प्युटरकडे बघत माझ्याशी बोलले.

"आता हे स्वतःची काळजी घेईल ना रे?"

"घेईल सर."

"बघ हं. तुझ्या शब्दावर जातोय मी."

खंडेनवमीच्या सकाळी सरांनी तीनदा sync केलं, आम्ही खोली बंद केली, किल्ली विभागातल्या मदतनीस सुमनअक्कांकडे दिली आणि एसटीने जळगाव गाठलं. तिथून रेल्वे. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं, बाया, म्हातारे, निळे झेंडे, भाकरीची गाठोडी…

दसऱ्याच्या दुपारी आम्ही नागपूरला मैदानाच्या कडेला एका झाडाखाली जेवायला बसलो होतो. शेजारी भुसावळकडचं एक कुटुंब. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कांदा. सर घास तोंडाशी नेता नेता थांबले.

"लाईट गेली रे तिकडं."

मी हसलो. "सर, इथून दिसते का धुळ्याची लाईट?"

ते हसले नाहीत. घास खाली ठेवला, डब्याचं स्टीलचं झाकण मांडीवर घेतलं, आणि त्यावर बोटं चालवली. टाइप करतात तशी. थांबले. पुन्हा चालवली. थांबले. पुन्हा. ओठ हलत होते, शब्द काही ऐकू आले नाहीत. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं भाऊंना, चटणी तिखट लागली का?" सर भानावर आल्यासारखे म्हणाले, "नाही नाही, झकास आहे. अजून देता का थोडी?" आणि जेवायला लागले.

मला वाटलं, काळजी. माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट असली की असं होतं. मी पाण्याला गेलो आणि विसरलो.

परत धुळ्याला पोचलो तर स्टँडवरच कळलं, दसऱ्याच्या दुपारी कॉलेजकडच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, आणि लाईट थेट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सर लगेच रिक्षात बसले. मी मात्र निश्चिंत होतो. केबल होती ना.

विभागाच्या दारात झेंडूचं तोरण. सुमनअक्कांनी हसत कुलूप उघडलं.

आत मशीन बंद. मॉनिटरवर आंब्याची डहाळी, कीबोर्डला हळदकुंकू, यूपीएसला झेंडूचा हार. आणि टेबलावर पूजेच्या ताटात — हातोडी, होकायंत्र, दगड फोडायची छिन्नी यांच्या शेजारी — नीट गुंडाळून, वर फूल ठेवून… माझी केबल.

मी ती ताटातून उचलली. "अक्का, ही केबल कधी काढली?"

"तुम्ही गयात ना, त्याच दुपारले. खंडेनवमी व्हती. बठ्ठं पुसी काढं मी. ती वायर मधमा ये व्हती, मंग तीबी ताटमा ठी दिधी. तीबी हत्यारच शे ना?" मग आमचे चेहरे बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "सर, वरीसभर इतलं काम करस बिचारं. एक दिन तरी हार नको का त्याले? तुम्ही तर करतस नहीत, म्हनीसन मी करं…"

सर अक्कांवर चिडले नाहीत. चिडता येण्यासारखं ते नव्हतंच. ज्या हत्यारांनी वर्षभर काम केलं त्यांना नवमीला हळदकुंकू लावायचं, हे त्यांच्या आजीने त्यांना शिकवलेलं, आणि त्यांनी आमचंही पुण्य आमच्या वतीने करून टाकलं होतं. पण केबल नसताना दोन्ही तारा कायम सुट्याच. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी लाईट आहेच. बॅटरी संपेपर्यंत गणित करत राहिला असणार, आणि मग उन्हाळ्यात झालं तेच… माझ्या शब्दावर गेलेला माणूस शेजारी उभा होता. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"चालू कर," सर म्हणाले.

मी यूपीएसचं बटण दाबलं. मोडतोड झालेली असली की सुरू होतानाच मशीन डिस्क तपासायला घेतं, ओळींमागून ओळी सरकतात. मी त्या ओळींची वाट बघत होतो.

त्या आल्याच नाहीत. डिस्क स्वच्छ. सरांचं गणित पूर्ण उतरवलेलं, जिथे थांबलं तिथपर्यंत, एक आकडा इकडचा तिकडे नाही.

मी नोंदी उघडल्या. दसरा, दुपार. आम्ही झाडाखाली जेवत होतो तीच वेळ.

LIGHT GELI
LIGHT GELI
LIGHT GELI

त्याखाली साठवण पूर्ण झाल्याची ओळ. त्याखाली मशीन व्यवस्थित बंद झाल्याची.

तीन ओळी. माझा प्रोग्राम एका वेळी एकच ओळ लिहितो. मी तो ओळ न् ओळ पुन्हा वाचला, सरांनीही वाचला. तीन लिहायला त्यात जागाच नाही. आणि पहिली तरी कशी पडावी? केबल आदल्या दुपारपासून ताटात होती, खोलीला कुलूप होतं.

"सर… तुम्ही तिथे डब्यावर…"

"काय डब्यावर?"

मी सांगितलं. सरांनी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. म्हणाले, "मला चटणी आठवते. बाकी असं काही मी बोललेलं आठवत नाही." आणि थोड्या वेळाने, "मोज. पुन्हा करून बघ."

पुढच्या सुटीत, गणित तेवढ्यापुरतं थांबवून, आम्ही दोघांनी केबल काढून मेन स्विच बंद केला. पुन्हा पुन्हा केला. शेजारी ट्यूबलाईट चालू-बंद केली, ड्रिल फिरवलं, की झटक्याने काही खोटा इशारा जातो का बघावं. मशीनला दर वेळी काहीच कळलं नाही. बिचारं काम करत बसायचं. नंतर ओळखीच्या इंजिनिअरांनाही विचारलं. "ट्रान्सफॉर्मर उडताना काहीतरी गेलं असेल" म्हणतात. एक ओळ त्याने पडेलही कदाचित. तीन कशा, ते कुणी सांगत नाही.

मी एकदा म्हणालो, "सर, याला काय म्हणायचं?" ते म्हणाले, "माहीत नाही असं म्हणायचं. देव म्हणू नको, भूत म्हणू नको. माहीत नाही, हेही उत्तरच असतं, फक्त ते प्रामाणिकपणे द्यावं लागतं." मग त्यांनी मला केबल उलटी जोडायला लावली, काढली गेली तरी मशीनला कळेल अशी.

गणित पूर्ण झालं, प्रबंध दिवाळीच्या आत गेला. ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या खाली, माझ्याही वर, सुमनअक्कांचं नाव होतं. अक्का विभागात सगळ्यांना ते पान दाखवत फिरल्या. "मी हार घाला म्हनीसन वाचनं ते," हारामुळेच सगळं वाचलं, असं त्यांचं ठाम मत. सरांनी ते कधी खोडलं नाही. पदवी मिळाली त्या दिवशी सरांना त्यांच्या आईने विचारलं, "संपली का परीक्षा?" तेव्हा सर म्हणाले, "संपली, आई." त्या वेळचं हसणं खरं होतं.

सर आता नाहीत. मी जळगावला एका कंपनीत आहे. डझनावारी मशीन्स, लाईट गेली की आपोआप सगळं होतं, कुणाला काही टाइप करावं लागत नाही. तरी घरी निघताना माझी बोटं तीनदा चालतात. बरोबरची पोरं विचारतात, "सर, एकदा पुरतं ना?"

पुरतं. मला माहीत आहे, पुरतं. त्या दिवशी तीनदा कुणी केलं… ते माहीत नाही.