अठरा सेकंद

भिलाईच्या धुराड्यावरून पडून मी मेलो, ही बातमी वाऱ्यावर गोंदियाला पोचली. मोडला होता फक्त हात. दहा मिनिटांत बाप गोंदिया स्टेशनावर प्रेत न्यायला गाडीत बसणार होता. दुर्ग स्टेशनात तारबाबूपुढे एक साहेब न पेटवताच सिगार चघळत उभा. त्याची तार नागपूरपर्यंत अंथरता येईल एवढी. माझ्यासाठी तो बाजूला होईना.

बाबूची बोटं रिकाम्या टेबलावरही कडकट्ट करत. माझा कागद बघून तो पुटपुटला, "मिनटाले वीस शब्द जाते. साहेबाचे चारशे, म्हणजे वीस मिनटं. तुमचे किती, भाऊ?"

"पत्त्यासकट सहा."

"अठरा सेकंद," म्हणत त्याने साहेबाला आपली ओली काडेपेटी दिली. साहेब काड्या घासत बसला, तेवढ्यात बाबूने माझे सहा शब्द कडकट्ट पाठवले.

सिगार पेटेपर्यंत बाप रडून, मला शिव्या घालून घरी परतलाही होता.