चौदा एप्रिलच्या आधी चार स्टड

मला वस्तूंचा राग येतो. माणसांचा येतो त्याहून जास्त. माणसाला निदान दोन शब्द सुनावता येतात. गेल्या एप्रिलमध्ये तो सगळा राग चार स्टडांवर होता.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली बोटाएवढी सळी. एक टोक इंजिनाच्या तळात बसतं, दुसऱ्यावर नट आवळला की सिलिंडर जागेवर राहतो. बाबांच्या जुन्या मोटारसायकलला असे चार लागतात. बाबा फॅक्टरीत लेथवर आटे पाडणारे निवृत्त टर्नर, वय ब्याऐंशी. गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. इथे हिंदी मुलखात, महाराजपुरात, आमच्या मराठी वस्तीची जयंतीची मिरवणूक निघते, तिच्या पुढे निळा झेंडा लावून हीच गाडी असते. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून चालवते मी, आणि झेंडा धरून मागे बसतात ते.

त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा घरी आले तेव्हा चप्पल काढायच्या आधी विचारलं, "चौदा तारखेले गाडी निघन ना?"

"निघन," मी म्हणाले. इंजिन तेव्हा अंगणात दोन परातींत पसरलेलं होतं.

पिस्टन बदलला, व्हॉल्व्ह घासले, सगळं सरळ झालं. अडलं ते स्टडांवर. दुकानातून आणलेले भोकात खुळखुळत होते. लंच टाइममध्ये सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसातून पळत परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "दीदी, माल ओरिजिनल है. आपसे कस नहीं रहा होगा." माझ्या हातात पाना बाबांनी मी सातवीत असताना दिला! मी त्याला बरंच बोलले. त्याने एक माप जाडे दिले. ते दोन आटे आत गेले आणि असे अडकले, की काढताना माझं मनगट धरलं. मग दिल्लीहून मागवले. आठ दिवसांनी आले, तेही खुळखुळणारे. पाकीट मी भिंतीवर फेकून मारलं. बाबा खाटेवरून म्हणाले, "जुना एखादा नेऊन दाखव ना त्याले."

जुना नव्हता. गंजके म्हणून चारही स्टड मी कबाडीवाल्याला देऊन टाकले होते. नमुना न ठेवता जुना भाग टाकायचा नाही, हे टर्नरच्या पोरीला कुणी शिकवायला हवं होतं का? हे मी बाबांना सांगितलं नाही.

अकरा तारखेला शेवटी ऑटोत इंजिनाचा तळ आणि बाबा, दोघांनाही घालून रिछाईच्या कारखान्यांच्या भागात एका लेथवाल्याकडे नेलं. त्याने भोकात आटे मोजायचं गेज घालून पाहिलं, चारही भोकं पाहिली.

"दीदी, ये चूड़ी कंपनी की नहीं है. किसी फैक्ट्री वाले ने बाद में काटी है. हाथ बड़ा साफ है."

चूड़ी म्हणजे आटे. स्टुलावर बसलेले बाबा खूश झाले. "मीच पाडली. एका भोकाचे आटे गेले होते. मंग चारही सारख्याच केल्या. एक वेगळी काहून ठेवायची?"

माझं डोकंच फिरलं. तीन आठवडे! दुकानदाराचा माल बरोबर होता, दिल्लीचा बरोबर होता, फक्त आमचं इंजिन जगावेगळं होतं.

"सांगितलं काहून नाही, बाबा?"

"तू इचारलं कुठं? तू तं त्या दुकानदारालेच शिव्या देऊन राहिली होती."

लेथवाल्याने दोन उपाय सांगितले. भोकात बुश, म्हणजे धातूची नळी, बसवून तिच्यात मूळ मापाचे आटे करायचे, म्हणजे पुढे बाजारातला कुठलाही स्टड बसेल. पण त्याला आठवडा लागणार. नाहीतर बाबांच्या आट्यांना जुळणारे, खालून जाडे आणि वरून बारीक, असे चार स्टड उद्याच बनवून द्यायचे. मग बाजारातलं काहीच कधी बसणार नाही.

"बुश बसव," बाबा लगेच म्हणाले. "मी नसलो तं तुले बाजारातलाच सामान लागन."

"आणि चौदा तारीख?"

"ते तं दरसाली येते."

"तुम्ही येणार आहे का दरसाली?"

हे मी रागात बोलले. बोलल्यावर कळलं. बाबा खाली फरशीवरचा लोखंडाचा कीस बघत बसले. लेथवाला उगाच कपड्याने गेज पुसत होता. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

"भैया, चार स्टड बना दो," मी म्हणाले. "इन्हीं की चूड़ी के."

चौदाला गाडी पुढे होती. चौकात गर्दी थांबली तेव्हा बाबा मागून माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "उद्या खोल हे इंजिन. बुश बसवून घे."

मी ऐकू न आल्यासारखं केलं.