अग्रनदाच्या खालचा कंदील

आधीच सांगतो, मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. देवचार-बिवचार, भुतंखेतं यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणूनच या प्रकाराने माझं डोकं फिरतं.

आमचं घर गोव्यात, चोपड्याला, नदीकाठी. तेव्हा शिवोलीकडचा पूल नव्हता, फेरीबोट चालायची. माझा धाकटा भाऊ बाबांची होडी न विचारता घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, म्हणून क्रियाकर्मही अडलेलं. आई रोज तिन्हीसांजेला पायरीवर त्याच्यासाठी कंदील ठेवायची. नऊ वर्षं! मी चिडायचो, "पुरे आता" म्हणून भांडायचो. ती ऐकेल तर शपथ.

डिसेंबरातली अमावस्या. निवडली ती काळोखासाठी, भुतांसाठी नव्हे. रात्रीचे आठ वाजले असतील. आईचं मन रमावं म्हणून तिला पायरीवर बसवून यमुना हा तारकासमूह दाखवत होतो – राजन्य ताऱ्यापाशी उगम, मग वळणं घेत दक्षिणेला, आणि टोकाला ठळक, निळसर अग्रनद. बोलण्याच्या भरात ग्रीकांची कथाही सुरू केली. बापाचा सूर्यरथ हट्टाने नेणारा मुलगा, घोडे आवरेनात, शेवटी याच नदीत पडला... आणि जीभ चावली. कुणाला सांगत होतो मी हे!

आई शांतपणे म्हणाली, "थंय खाली बघ. कंदील आसा."

अग्रनदाच्या बराच खाली, पण पलीकडच्या माडांच्या वर, एक पिवळा ठिपका होता. स्थिर. तिथे ठळक तारा नाही, नकाशा मला पाठ आहे. दुर्बीण आणायला उठलो, तोच तो विझला. आणि त्याच क्षणी पायरीवरचा कंदीलही! तेल भरलेलं, काच शाबूत, वारा औषधालाही नाही. मी काडी ओढली, तर आईने हात धरला.

"नको पेटवू रे. पोचलो तो. फाल्या भटांक बोलव." भाऊ पोचला, आता उद्याच भटजींना बोलावून त्याचं क्रियाकर्म करायचं, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीने पलीकडे गेलो. दिवा, खांब, टेकडीवरचं घर... त्या उंचीवर काही म्हणजे काही नाही. विमान म्हणावं, तर ते जागचं हललं असतं.

आई त्यानंतर जगली तितकी वर्षं शांत झोपली. तिला उत्तर मिळालं, विज्ञान शिकवणाऱ्याला नाही. दर डिसेंबरला दुर्बीण घेऊन त्या पायरीवर आता मी बसतो.

"पुरे आता," बायको आतून ओरडते. मी ऐकत नाही.