बहात्तरचं पीक

दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्याकडे किस्से पोत्यातून सांडलेल्या दाण्यांसारखे जमतात. वेचायला जावं लागत नाही! माझं किराणा दुकान सोनईच्या वाटेवरच्या वाडीत, आणि रविवारी मी आमच्या ख्रिस्ती देवळात मंडळीचा पंच. बहात्तरच्या दुष्काळात मंडळीतली निम्मी माणसं पोटामागं गेली. हंगामाच्या सणाला आम्ही नव्या पिकाच्या टोपल्या देवळात वाहतो. त्या साली मिशनच्या वरच्या साहेबांचा निरोप आला, "पीक नाही, तर हंगामाचा सण कसला? त्या दिवशी येऊन बघतो. मंडळी उरली नसेल तर देऊळ बंद. सोनईला जात जा."

पुढचं सगळं आमच्या मंडळीतल्या मार्थामावशीचं!

०

आमच्या बायका स्वयंपाकाआधी देवाच्या नावानं मूठभर धान्य मडक्यात टाकतात, रविवारी देवळात आणतात. त्या साली घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, तीही बेताची. पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, यंदा मूठ माफ."

मावशी उसळली, "माफ करनारे तुमी कोन? मी तुमाला देती व्हय?"

०

दुष्काळी कामावर सगळे खडी फोडायचे. मुकादम म्हणाला, "रविवार-बिविवार चालनार न्हाई."

"सुट्टी कोन मागतंय? देऊळच हितं आनलंय!" म्हणत मावशीनं हातोडीच्या ठेक्यावर भजन धरलं. शेजारच्या गावच्या बायाही ठेका देऊ लागल्या.

मुकादम वैतागला, "प्रार्थनेला डोळं मिटलं की काम थांबतंय!"

"आमी उघड्या डोळ्यांनीच करतो. तुमच्यावर नजर ठिवाया लागती!"

०

सण जवळ आला. मी हळूच म्हटलं, "मावशी, साहेबांपुढं लाज नको. माझ्याकडची दोन पायल्या ज्वारी मांडू."

"शेठ, दुकानात कवापासून पिकाया लागलं?"

धंद्यात असा टोला मला कुणी दिला नव्हता.

०

सणाच्या दिवशी साहेब जीपमधून उतरले. बाया रांगेनं आल्या, डोक्यावर फडक्यानं झाकलेल्या टोपल्या. ज्वारीनं मान एवढी आखडत नाही, हे मी व्यापाऱ्याच्या नजरेनं ओळखलं.

साहेबांनी फडकं उचललं. खडी!

मी मावशीच्या कानाशी लागलो. "मावशी, सरकारी तर नाही ना?"

"आमच्या बांधावरची हाय. कामावरनं येऊन फोडली. यंदा रानात हेच पिकलं!"

साहेब गोंधळले. "पण बाई, देवळानं याचं करायचं काय?"

मावशीनं डोक्यावरची चुंबळ काढून झटकली.

"भिंत फुडं सरकवा, साहेब. फुडल्या साली मानसं मावायची न्हाईत!"