घरमालक खोली बघायला येणार म्हणून

आमच्या चिखलीत भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. अकरावा महिना लागला की घरमालक स्वतः खोली बघायला येतात. बघायला म्हणजे नळ गळतो का ते नव्हे हं, भाडेकरूने वर्षभरात नवीन काय घेतलं ते. खालच्या मजल्यावरच्यांचं भाडं एका कुलरपायी पाचशेने वाढलं होतं. म्हणून अख्ख्या बिल्डिंगची रीतच पडली, मालक यायच्या आधी ज्याची पाळी त्याचं सामान शेजारी.

त्या वर्षी माझी फार तंतरली होती. मुलगी दहावीला, शाळा हाकेच्या अंतरावर, आणि भाडं आणखी वाढलं तर इथून हलावंच लागणार. विकत घ्यायचं तर नावच नको. पुनावळ्यात एक फ्लॅट बघून आलो होतो. किंमत ऐकून आमच्या ह्यांनी विचारलं, "नुसत्या पार्किंगमध्ये राहायचं झालं तर?" बिल्डरच्या ऑफिसातल्या मॅडम हसल्यासुद्धा नाहीत.

मी चंगच बांधला, यंदा एक रुपया वाढू द्यायचा नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, सगळं शेजारच्या गॅरेजवाल्या भाईंकडे. भाभी म्हणाल्या, "अहो, आम्ही झोपायचं कुठे?" म्हटलं, "फ्रिजवर झोपा, गार वाटेल." मग मला चेवच चढला. सोफा गेला, पडदे गेले. ह्यांना दाढी करू दिली नाही.

संध्याकाळी घरमालक आले. मूळचे गावातले, स्वतःच्या शेतावर चार मजले चढवलेले. दारातच थबकले. खोल्यांत आवाज घुमत होता. मी चहा दिला तोही बिनदुधाचा. ती माझी खास कल्पना.

"ताई," ते हळूच म्हणाले, "पाव्हण्यांची नोकरी गेली व्हय?"

मी पदराने डोळे पुसले. तिथेच माती खाल्ली.

"रडू नका. आधी सांगायचं न्हाई का? वाढीचं सोडा, हाय ते भाडं तरी कुठनं झेपायचं तुमाला? माझ्या मेव्हण्याच्या पत्र्याच्या खोल्या हायेत चाकणच्या पल्याड. निम्म्यात देईल. एक तारखेला टेम्पो मी पाठवतो." आणि त्यांनी मेव्हण्याला फोनसुद्धा लावला.

"काका, थांबा हो!" मी शेजारी पळाले. भाई आणि मी फ्रिज ढकलत आणला. "हे बघा, डबल डोअर!" मागोमाग भाभी मिक्सर घेऊन. ह्यांनी पगाराची स्लिप पुढे धरली, ओव्हरटाइमसकट.

काकांनी फोन ठेवला. "मंग समदं तिकडं कशाला ठेवलं?"

भाभींनी तोंडात ओढणी कोंबली.

त्यांच्या ध्यानात आलं. काळा चहा बाजूला सारत म्हणाले, "खरं सांगू ताई? मी यंदा वाढ मागनारच नव्हतो. पोरीची धावी हाय, म्हटलं राहू द्या."

अशी लाज वाटली मला! जमीन दुभंगावी आणि फ्रिजसकट आत जावं.

"काका, पाचशे वाढवा," मीच म्हणाले.

"हजार," काका शांतपणे म्हणाले. "हितंच राहायचं ना?"

"हो हो, हजार!" भाडं वाढलं म्हणून त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा देवापुढे साखर ठेवली.